डाव्या बाजूचा मामा

कामतघर, भिवंडी
११ ऑगस्ट २०२४

चि. सार्थक,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. एकशे चाळीस किलोच्या माणसात आजाराला शिरायला जागा तरी कुठे असते.

बातमी अशी की आपल्या करिष्माचं जमलं. मुलगा दिघाशीचा, प्रितम नाव. मानकोलीला आमचा कुणाल ज्या गोदामात आहे तिथेच सुपरवायझर आहे. कुणालला वाटत होतं की प्रितम त्याच्याशी दोस्ती करायला घरी येतो. भाऊ असेच असतात, त्यांना शेवटी कळतं.

लग्न रविवारी, ८ डिसेंबरला. भाचीच्या लग्नात मामाचं काम काय, हे तुला तिकडे कोणी शिकवलं नसेल म्हणून सांगते. मुलीला मंडपात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीमागे उभं राहायचं. तुला हे जमेल, कारण तुझ्या नोकरीतही तू उभं राहण्यापलीकडे काही करत नाहीस असं ऐकते. आई-बाबा गेले, माझ्या माहेरचा तू एकटा उरलास. तू नाही आलास तर चांगदेव आहेच. आपल्या चुलत्यांचा हा चांगदेव टॉवेल-टोपी मिळते म्हटलं की कोणाचाही मामा होतो.

तुझ्या भावोजींनी मानकोली नाक्यावर तुझा बॅनर लावलाय. 'अमेरिका गाजवणारे आमचे मेहुणे'. फोटो इंटरनेटवरून काढला. ज्याच्या हातात बॉल तोच मेहुणा असणार, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे बॅनरवर सोनेरी केसांचा एक गोरा पोरगा आहे आणि त्याच्याखाली तुझं नाव. तूही त्या फोटोत वाकून उभा होतास म्हणे, पण तुझ्यावर शुभेच्छुकांची नावं छापली गेली. लोक विचारतात तेव्हा तुझे भावोजी सांगतात, "तिकडचा पानीच तसा हाय, केस पिवले होतात." लोकांना पटतं.

पत्र कुरियरनं पाठवतेय. कुणालच्या फोनवरून पाठवलं तर ते तुझ्याआधी दिघाशीत वाचलं जाईल.

तुझी,
आक्का

*

वेस्टब्रुक
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आक्का,

नमस्कार. बॅनरवरच्या त्या गोऱ्या मेहुण्याला मी कुणालनं पाठवलेला बॅनरचा फोटो दाखवला. त्याला फार आनंद झाला. लग्नाचं आमंत्रण आहे का, असं विचारत होता.

करिष्माला सांग, मामा खूश आहे. प्रितमला सांग, मामा एकशे बेचाळीस किलोचा आहे. तुझा आकडा जुना झाला.

आता वाईट बातमी. ८ डिसेंबरला आमचा सामना आहे. आमचे अमेरिकन फुटबॉलचे सामने सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी असतात, आणि आठ वर्षांत मी एकही चुकवलेला नाही. एकशे एकतीस सामने, सलग. तापात खेळलोय, बोट मोडलेलं असताना खेळलोय. तू म्हणतेस ते खरंच आहे, मी उभा राहतो. आमच्यातला एकजण मागे थांबून बॉल फेकतो, तो तुमच्या बॅनरवरचा. बॉल फेकताना त्याचं तोंड उजवीकडे असतं, म्हणून डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. त्या डाव्या बाजूला मी असतो. जो येतो त्याला अडवायचं. अडवला तर माझं नाव कोणी घेत नाही. निसटला तर टीव्हीवर चारदा घेतात. आठ वर्षांत माझं नाव फार कमी वेळा ऐकू आलंय, आणि आमच्या धंद्यात हीच अब्रू.

करार यंदा संपतो. मी बत्तीस वर्षांचा, माझ्या मागे एक बावीस वर्षांचा पोरगा रांगेत आहे. मी एक रविवार जागा सोडली तर तो ती परत देणार नाही. मीही माझ्या आधीच्याला दिली नव्हती. लग्न फेब्रुवारीत नाही का करता येणार?

तुझा,
सार्थक

ता. क. मी अमेरिकेला निघालो तेव्हा तू अट घातली होतीस, हातानं आणि मराठीत लिहायचं, नाहीतर एक दिवस इंग्रजीत रडशील म्हणून. अजून पाळतोय. अक्षराला हसू नकोस.

*

कामतघर
१० सप्टेंबर २०२४

चि. सार्थक,

अक्षराला हसले नाही. बाकीच्यालाच इतकं हसू आलं की अक्षराची पाळी आली नाही.

फेब्रुवारीत लग्न. वा. हॉल, गुरुजी, बँड, सासरकडची चारशे माणसं, सगळ्यांना सांगते की अमेरिकेत एका माणसाला बॉल फेकायचा आहे आणि त्याला स्वतःची डावी बाजू दिसत नाही, तेव्हा तुम्ही दोन महिने थांबा.

काल गणपतीला दिघाशीची मंडळी आली होती. कुणालनं हौसेनं तुझा रविवारचा सामना टीव्हीवर लावला. प्रितमची आजी, धोंडूबाई, सगळ्यात पुढे बसली. तिनं विचारलं, "यातला तुमचा भाऊस कनचा?" मी दाखवला. ती म्हणाली, "बॉल कदी घेनार?" मी म्हटलं, "न्हाय घेनार. आठ वर्सां झाली, हात लावला न्हाय." ती टीव्हीजवळ सरकली. मग म्हणाली, "मंग पगार कशाचा देतात?" तुझे भावोजी तेवढ्यात मोदक आणायला आत गेले. त्यांनी लग्नाच्या बोलणीत तुझ्या बॉलचं बरंच वर्णन केलं होतं.

तुझी बाजू मीच घेतली. मी तालुक्याच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळलेय, कोपऱ्यातल्याला टाळ्या मिळत नाहीत हे मला कोणी शिकवायला नको. म्हटलं, "आजी, त्याच्या बाजूनं एक तरी मानूस आत आला का?" ती म्हणाली, "न्हाय आला." म्हटलं, "त्याचाच पगार." तिला पटलं की नाही ठाऊक नाही, पण तिनं दुसरा मोदक घेतला.

आता नीट ऐक. माझी आई लग्न बघायला नाही, बाप नाही. मांडवात माझ्या बाजूचं म्हणून जे काही दिसायचं ते तुझ्या रूपानं दिसायचं. चांगदेव उभा राहिला तर चारशे माणसांना कळेल की हिच्या पाठीशी कोणी नाही. तुला यायचंय की नाही, ते लिही. सामन्यांचा आकडा लिहू नकोस.

आक्का

*

वेस्टब्रुक
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय आक्का,

तुझ्यासाठी म्हणून मी आमच्या प्रशिक्षकाकडे गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा सुट्टी मागितली. त्याला वाटलं घरात कोणी गेलं. मी सांगितलं, भाचीचं लग्न आहे आणि मी मामा आहे. त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. स्वतःला मूल झालं तर सुट्टी आहे, आई-बाप वारले तर आहे. मामा हा शब्दच त्यात नाही.

त्यानं विचारलं, मामा लग्नात नेमकं काय करतो? म्हटलं, नवरीच्या मागे उभा राहतो. तो म्हणाला, म्हणजे इथलं पुढे उभं राहायचं काम सोडून तू दहा हजार मैलांवर मागे उभं राहायला जाणार?  तू असतीस तर त्याला उत्तर दिलं असतंस.

सुट्टी नाही मिळाली, आक्का. मी येऊ शकत नाही. करिष्माला मीच फोन करतो. तिला तू सांगू नकोस, तू सांगितलंस तर त्यात तिखट जास्त पडेल.

सार्थक

*

कामतघर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सार्थक,

सोबत पत्रिका. मामा म्हणून तुझंच नाव छापलंय. मी म्हटलं खोडा, पण तुझ्या भावोजींचं म्हणणं, बॅनर आणि पत्रिका यांत फरक नको. करिष्मा तुझ्या फोननंतर दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी बिर्याणी आली तेव्हा जेवली. काळजी नसावी.

महिनाभर तुझं पत्र नाही. कामात असशील. तुझ्याइतकं काम कोणालाच नसतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईचा गुडघा गेला. मी तिला सांगितलं, जिना चढायचा नाही, पायाखाली उशी घ्यायची, आणि एकटीनं सोसत बसायचं नाही. दुखलं तर घरच्यांना सांगावं. माणसं त्यासाठीच असतात. पण काही लोकांना अक्कल नसते, खालच्या मजल्यावरच्या बाईलाही नाही.

बाकी सर्व ठीक. कापडाचे लूम चालू आहेत, म्हणजे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही.

आक्का

*

वेस्टब्रुक
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,

भाऊबीजेला फोनवर ओवाळलंस, बरं वाटलं. कॅमेऱ्यात माझं फक्त तोंड दिसत होतं म्हणून तू कुरकुरलीस, पण फोन टेबलावर ठेवला होता, काय करणार.

इकडे सगळं छान. रोज सराव, दर रविवारी सामना. परवाच्या रविवारी एकशेचाळिसावा झाला. त्यामुळे डिसेंबरचं काही जमेल असं वाटत नाही. चांगदेवलाच उभं करा. टॉवेल चांगला द्या.

खालच्या बाईचा गुडघा बरा आहे का?

सार्थक

*

कामतघर
१२ नोव्हेंबर २०२४

सार्थक,

एकशेचाळिसावा सामना झाल्याबद्दल अभिनंदन. आम्हाला तो दिसला नाही. तुझ्या जागी ६८ नंबरचा एक पोरगा दिसला. तोही वाईट नाही, पण त्याला पाय रोवायला वेळ लागतो.

तुला काय वाटलं, गणपतीत पाहुण्यांसाठी लावला तेवढाच सामना मी बघितला? गेली आठ वर्षं दर सोमवारी सकाळी कुणाल तो रेकॉर्ड केलेला लावतो आणि माझं वरण शिजेपर्यंत मी बघते. नियम मला अजून कळत नाहीत. मी फक्त डावी बाजू बघते. १३ ऑक्टोबरच्या सामन्यात तुझाच एक माणूस मागून तुझ्या पायावर पडला. तू उठला नाहीस. मी कुणालला म्हटलं, तो आता उठेल. तुला गाडीवर घालून नेलं. त्या दिवशी वरण करपलं आणि ते कोणीच खाल्लं नाही.

खालच्या मजल्यावर कोणी बाई राहत नाही, सार्थक. खाली लूम आहेत. तू पाच वर्षं याच घरात राहिलास, तेवढंही विसरलास?

मी वाट बघत होते की तू सांगशील. एक महिना. तू काय पाठवलंस, तर एकशेचाळीस. धाकटा भाऊ आहेस म्हणून या लिफाफ्यात आशीर्वाद टाकतेय, नाहीतर दुसरं काही टाकलं असतं.

एक सांग. सामना नाही, सराव नाही, महिनाभर घरात बसून आहेस. मग लग्नाला यायला आता कोण अडवतंय?

आक्का

*

वेस्टब्रुक
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,

चुकलो.

गुडघ्याच्या आतला बंध पूर्ण तुटला. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. दोन कुबड्या आहेत, पायाला लोखंडी पट्ट्यांचा साज आहे. एकशे सदतिसाव्या सामन्याला मोजणी थांबली. मी मैदानावर पडलो होतो तेव्हा टीव्हीवाले पूर्ण दोन मिनिटं माझ्याबद्दल बोलले. कुठला, किती वर्षं खेळला, किती भरवशाचा. आठ वर्षांत एवढं कधी बोलले नव्हते. उठून उभा राहिलो असतो तर लगेच गप्प झाले असते.

६८ नंबरचा पोरगा चांगला आहे. दुसऱ्या रविवारी त्याच्याही बाजूनं कोणी आलं नाही. मी सोफ्यावरून बघितलं. आक्का, काहीही अडलं नाही. मला वाटत होतं थोडं तरी अडेल.

तू विचारलंस, कोण अडवतंय. मीच अडवतोय. डॉक्टरनं विमानाला हरकत घेतलेली नाही. पण मला आयुष्यात एकच काम येतं, उभं राहायचं. तुम्हीही मला तेच एक काम दिलं होतं, आणि मला आता तेच येत नाही. कुबड्यांवर लटकलेला मामा घेऊन तू चारशे माणसांसमोर काय मिरवणार? धोंडूबाई म्हणेल, बॉल घेत नव्हता तो नव्हता, आता उभाही राहत नाही. आणि तिचं बरोबर असेल. तुझ्या माहेरची एकच वस्तू उरलीय आणि ती मोडलीय. ती दाखवायला आणू नकोस. मला लाज वाटते.

सार्थक

*

कामतघर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सार्थक,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तू चुलीपुढे बसून शिळ्या भाकरीसाठी रुसायचास तेव्हाही असंच तोंड करायचास.

अमेरिकेनं तुला काय शिकवलं ते माहीत नाही, पण उभं न राहू शकणारा माणूस रविवारी बदलून टाकायची रीत तिकडची. इकडे आपल्याकडे ६८ नंबर नसतो. आमच्याकडे राखीव फक्त चांगदेव आहे, आणि त्याला काल मी हात जोडून सांगितलं की तुझी गरज नाही. तो रुसलाय. म्हणजे आता मामाची जागा रिकामी आहे. तुला यायचं तर ये, नाहीतर करिष्मा एकटी चालत मंडपात येईल आणि तिच्या मागे मी एक पाट मांडेन, कोणी बसायचं नाही असा. मग धोंडूबाईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

लंगडा मामा चालतो. नसलेला मामा चालत नाही. मला माझा भाऊ हवाय. बॅनरवरचा नको, आकड्यातला नको. कसा आहेस तसा हवाय, हे मी वीस वर्षांत कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं शहाणा आहेस, तुला कळत असेल.

विमानातून उतरलास की कुणाल गोदामातली गाडी घेऊन येईल. मोठी गाडी. तू साध्या रिक्षात मावत नाहीस.

आक्का

*

वेस्टब्रुक
२४ डिसेंबर २०२४

प्रिय आक्का,

पोचलो. सूज उतरतेय. घारगे विमानतळावर उघडून बघितले, पण परत दिले.

तिथे असताना लग्नाबद्दल नीट बोलता आलं नाही, घरात सतत माणसं. म्हणून लिहितो. हॉलच्या दारात मला अडवलं, ते तुला कळलं का? दारावरच्या पोरानं मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "भाई, बाउन्सर लोक पीछे से." कुबड्यांवरचा बाउन्सरही भावोजींनी ठरवला असेल, यात त्याला नवल वाटलं नाही. मी म्हटलं, मी मुलीचा मामा. त्यानं दारावर लावलेल्या तसल्याच बॅनरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "मामा तं त्यो हाय. अजून आयला न्हाय." मग कुणाल धावत आला म्हणून मला माझ्या भाचीच्या लग्नात प्रवेश मिळाला.

करिष्माला मी मंडपात आणलं की तिनं मला आणलं, हे व्हिडिओत बघून ठरव. पहिल्या मंगलाष्टकाला मी दोन्ही कुबड्या कुणालकडे दिल्या. तो नको म्हणत होता. मला उभंच राहायचं होतं. गुरुजींचा गळा गोड, त्यामुळे ते एकेक ओळ दोनदा घेत होते. चौथ्याला गुडघा लटपटायला लागला. पाचव्याला मला कळलं की मी आता पडणार, आणि पडलो तर करिष्मा, अंतरपाट आणि प्रितम यांच्यासकट पडणार.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा कमरेचा पट्टा धरला आणि दुसरा हात पाठीवर टेकवून रेटा दिला. चांगला रेटा, पाय रोवून दिलेला. शेवटची अक्षता पडेपर्यंत तो हात हलला नाही. मला वाटलं कुणाल. नंतर बघतो तर कुणाल समोर कुबड्या घेऊन व्हिडिओ काढत होता.

तू मला सांगितलंस की मंगलाष्टकं होईस्तोवर तू हॉलच्या मागे तुळशीला पाणी घालत होतीस. मुलीच्या आईनं लेकीचं लग्न डोळ्यांनी बघायचं नाही, तेवढा वेळ तुळशीपाशी राहायचं, अशी आपली रीत, आणि तू ती पाळलीस, असं धोंडूबाईलाही सांगितलंस.  पण रात्री कुर्ता काढला तेव्हा पाठीवर वाळलेल्या मातीचा पाच बोटांचा ठसा होता, आणि पट्ट्याला तुळशीचं एक पान चिकटलेलं होतं.

इकडची बातमी. संघानं नवा करार देणार नाही म्हणून कळवलं. काल मी निवृत्ती जाहीर केली. पेपरात तीन ओळी आल्या, त्यातली एक गुडघ्याबद्दल. संध्याकाळी तुमचा बॅनरवाला घरी आला. बसला, माझ्या कुबड्या हातात घेऊन बघितल्या. जाताना दारात म्हणाला, "आठ वर्षांत मी एकदाही डावीकडे वळून बघितलं नाही." एवढंच म्हणाला आणि गेला. दार लावून मी मराठीत रडलो.

तुझा,
सार्थक

*

कामतघर
३ जानेवारी २०२५

चि. सार्थक,

आशीर्वाद. घारगे परत दिलेस, म्हणजे त्या विमानतळवाल्यांनाही चव नाही.

निवृत्तीचं वाचलं. तुझे भावोजी लगेच नवा बॅनर करायला निघाले होते. मी म्हटलं, करा, पण फोटो मी देईन. कुणालच्या व्हिडिओतला दिलाय, करिष्माच्या मागे उभा असतानाचा. तुझं तोंड वेडंवाकडं आलंय, दुखत होतं ते दिसतंय. तोच लावायला सांगितला. धोंडूबाई नाक्यावरून जाताना रिक्षा थांबवून बघून आली. म्हणाली, "यो बरा हाय. त्यो पिवल्या केसांचा घरातला वाटत नव्हता."

पुढे काय करायचं ते घाईनं ठरवू नकोस. आठ वर्षं उभा होतास, आता जरा बस. इथे येऊन बसलास तरी चालेल. खालचे लूम बंद करत नाही, तेवढं सोडून सगळं तुझ्या सोयीनं करू.

आता तुळशीचं. कोणाला सांगू नकोस. चौथ्या मंगलाष्टकाला मी खांबाआडून डोकावले, फक्त तू उभा आहेस ना एवढंच बघायला. तुझा उजवा गुडघा आत वळताना दिसला. कोपऱ्यातल्या माणसाला ते लगेच दिसतं. तांब्या तिथेच टाकला आणि आले. रीत मोडली म्हणून चार दिवस माझ्या जिवाला घोर होता. करिष्माच्या संसाराला काही होणार नाही ना, असं मनात यायचं. शेवटी गुरुजींना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग लग्न डोळ्यांनी बघितलंत का?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लेकीच्या लग्नात हातभर अंतरावर उभी होते, पण ना अंतरपाट दिसला, ना करिष्मा, ना पडलेली एक अक्षता. गुरुजींना म्हटलं, नाही बघितलं. सगळा वेळ समोर भावाची पाठ होती.

तुझी,
आक्का